टाके आणि डिंक

परवा नातवाच्या कपाळावरची छोटी गाठ काढली. सून फोनवर म्हणाली, "आई, वरून टाके नाहीत हो, ग्लू लावलाय!" माझा हात आपसूक हनुवटीकडे गेला. सातव्या वर्षी चौघांनी धरून मला तिथे टाके घातले होते. घालताना रडले, काढताना त्याहून जास्त.

इतिहास शिकवायची खोड जात नाही, म्हणून वाचत बसले. जखम शिवणे आपल्याकडे सुश्रुतापासूनचे. हा डिंक मात्र अलीकडचा. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आले सायनोअॅक्रिलेट. ते दिसेल त्याला चिकटे, म्हणून बाजूला पडले. १९५८ मध्ये तेच डिंक म्हणून बाजारात आले. व्हिएतनाम युद्धात जखमींचा रक्तस्राव थांबवायलाही फवारले गेले. सुरुवातीचा प्रकार शरीराला अपायकारक होता. पुढे सौम्य प्रकार निघाले.

१९९३ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मुलांच्या चेहऱ्यावरच्या जखमांवर टाके आणि डिंक ताडून पाहिले. डिंकाला वेळ कमी लागला, व्रण सारखेच. आणि मुलांना किती दुखले, हेही त्यांनी मोजले. तेही डिंकाने कमीच!

टाके काही संपले नाहीत. खोल किंवा ताण पडणाऱ्या जखमेला ते लागतातच. नातवालाही आतून विरघळणारे आहेत.

पण मंडळी, आमच्या लहानपणी "किती दुखतंय?" असे कोणी विचारलेच नव्हते. मला खरी प्रगती ती वाटते.