लॉजिस्टिक समाश्रयण

लॉजिस्टिक समाश्रयण : ज्या घटनेची ‘होय’ व ‘नाही’ अशी दोनच फलिते संभवतात, तिची संभाव्यता एका किंवा अनेक राशींवरून काढण्याची सांख्यिकीय पद्धती. संभाव्यता शून्य व एक यांच्या दरम्यानच असावी लागते. सरळ रेषा ही मर्यादा पाळत नाही. म्हणून घटना घडण्याच्या व न घडण्याच्या संभाव्यतांचे गुणोत्तर घेऊन त्याचा लॉगरिथम राशींच्या रेषीय पदावलीएवढा मानतात. प्रथम सावकाश, मग झपाट्याने व अखेरीस पुन्हा सावकाश चढणारा हा वक्र बेल्जियन गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्यावाढीसाठी मांडला. जोसेफ बर्कसन यांनी १९४४ मध्ये औषधमात्रांच्या परीक्षणासाठी त्याचा पुरस्कार करून ‘लॉजिट’ ही संज्ञा योजली. द्विफलित घटनांच्या समाश्रयणाची व्यापक मांडणी डेव्हिड कॉक्स यांनी १९५८ मध्ये केली.

त्याच १९४४ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांचा अवघ्या चार पानांचा निबंध ॲनल्स ऑफ युजेनिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर पुनःसंयोजनाच्या प्रमाणावरून काढण्याचे सूत्र त्यात आहे. अंतर मॉर्गन या एककात घेतल्यास, पुनःसंयोजनाच्या प्रमाणात अर्धा मिळवून येणारी संख्या ही अंतराच्या चौपटीचे लॉजिस्टिक फलनच होय. सूत्र हायपरबोलिक स्पर्शज्येच्या रूपात असल्याने हे नाते सहसा ध्यानात येत नाही. कोसंबींचा हेतू अर्थात वेगळा होता : एका ठिकाणच्या विनिमयामुळे शेजारच्या विनिमयास होणारा अडथळा त्यांना हिशेबात घ्यावयाचा होता. इतिहासकार म्हणून लाभलेल्या ख्यातीपुढे त्यांचे हे कार्य मराठी वाचकांस अपरिचितच राहिले. जनुकनकाशे तयार करणारे मात्र ते सूत्र आजही वापरतात.

याच नियतकालिकात आर. ए. फिशर यांनी १९३६ मध्ये आयरिसच्या तीन जातींच्या १५० फुलांची मापे प्रसिद्ध केली होती. पायथन भाषेतील सायकिट-लर्न या आज्ञावलीसंचाच्या साहाय्याने ही पद्धती शिकणारा विद्यार्थी आज बहुधा याच फुलांपासून प्रारंभ करतो. मापे वाचणे, त्यांचे शिक्षणासाठी व परीक्षेसाठी दोन भाग करणे, गुणक ठरविणे व भाकीत ताडून पाहणे हे सर्व दहा-बारा ओळींत आटोपते. त्यात एक फसगत मात्र आहे. सेटोसा जातीची एकही पाकळी १·९ सेंमी.हून लांब नाही आणि उरलेल्या दोन जातींची एकही ३ सेंमी.हून आखूड नाही. त्यामुळे भाकिते शंभर टक्के बरोबर येतात, पण गुणक अमर्याद वाढत जातो. मूळ पद्धतीनुसार त्याला सांत मूल्यच नाही. संगणक सांत उत्तर देतो, ते मोठ्या गुणकांस दंड लावण्याची तरतूद संचात आधीच केलेली असल्यामुळे. नवशिक्याने म्हणून व्हर्सिकलर व व्हर्जिनिका ही जोडी घ्यावी. त्यांच्या पाकळ्यांच्या लांबी ४·५ ते ५·१ सेंमी. या पट्ट्यात एकमेकींत मिसळतात आणि तेथील फुलांना एक-द्वितीयांशाच्या आसपासची संभाव्यता मिळते.