मीरा मोटारगाडी

एकट्याने मोटारगाडी बांधू पाहणाऱ्यास सर्वांत अवघड जातो तो मागचा आस. गाडीचा भार पेलणे, एंजिनाची शक्ती चाकांना पोहोचविणे आणि वळणावर बाहेरील चाकास अधिक वेगाने फिरू देणे, ही तिन्ही कामे तेथेच एकवटतात. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ या छोट्या गाडीत एंजिनच मागे बसविले. त्यामुळे पुढून मागे जाणारा लांब फिरता दंड वगळता आला. निलंबनासाठी रबर वापरले. औपचारिक शिक्षण जेमतेम असलेल्या या कल्पक गृहस्थांनी 1949 मधील पहिल्या नमुन्यानंतर 1970 च्या दशकापर्यंत सुधारित नमुने केले. तथापि परवाना पद्धतीच्या त्या काळात मीराचे कारखानी उत्पादन कधीच सुरू झाले नाही. मारुती 800 बाजारात आली ती 1983 मध्ये.