चिंध्यांचा गळपट्टा

दिवाळी आली, की बदलापुरातल्या पहाटगारठ्यासाठी मी आजीच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गळपट्टे शिवते. गोधडीचा धावदोरा तिनेच शिकविला. ती गेली, तेव्हा जगण्याला अर्थ उरला नाही, असे वाटले होते.

आमच्या उल्हास नदीच्या खालच्या अंगाला, कल्याणच्या लष्करी छावणीत, १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. घरदार सिंधमध्ये राहिले, पण चिंध्या जोडून रल्ली शिवणारी बोटे बरोबर आली. रल्ली काय, गोधडी काय, टाका तोच!

वाचकहो, फाटलेले पहिल्यासारखे होत नाही. जोडले तर पांघरण्याजोगे मात्र होते. आजीच्या लुगड्याचा शेवटचा तुकडा यंदा लेकीच्या गळपट्ट्याला लावला.