शेगडी, सेयल आणि शिट्टी

'पॉट रोस्ट' असं फोनवर शोधलं की पहिल्या दहा रेसिपींमध्ये एकच गोष्ट सांगितलेली असते. मांसाचा मोठा तुकडा घ्या, कांदा-गाजर घाला, स्लो कुकरचं बटण 'लो'वर ठेवा आणि आठ तास विसरून जा. वाचणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. हा स्लो कुकर आणायचा कुठून? आणि आठ तास चूल पेटती ठेवण्याची चैन परवडते कुणाला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलं की पुढच्याच स्टेशनावर मिळतं. ते स्टेशन विठ्ठलवाडी. एका बाजूला कल्याण पूर्व, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. रिक्षावाला आजही 'कॅम्प तीन की चार?' असंच विचारतो. या कॅम्पांमधल्या सिंधी घरांत मटण शिजवण्याची एक पद्धत आहे, 'सेयल'. पॉट रोस्ट ज्या तत्त्वावर शिजतो, त्याच तत्त्वावर सेयलही शिजतं: पाणी जवळजवळ नाही, झाकण घट्ट, आच मंद. आणि ही पद्धत ज्यांनी इथे आणली, त्यांच्याकडे चैन नावाची गोष्ट अजिबात नव्हती.

आधी त्या यंत्राची गोष्ट. स्लो कुकर अमेरिकन असला तरी त्याचं मूळ पूर्व युरोपातल्या ज्यू स्वयंपाकघरात आहे. शिकागोत राहणाऱ्या अर्व्हिंग नाखुमसोन या संशोधकाला (पुढे त्याने आडनाव 'नॅक्सन' करून घेतलं) त्याची आई लिथुआनियातल्या विल्ना शहरातल्या आठवणी सांगायची. तिथे शुक्रवारी संध्याकाळी 'चोलेंत'ची हंडी, म्हणजे मांस, घेवड्याच्या बिया आणि बटाट्यांचा रस्सा, गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवत. शब्बाथ सुरू झाला की ज्यू धर्मनियमाप्रमाणे विस्तव पेटवता येत नाही. भट्टीची उरलेली धग रात्रभर हंडीला पुरायची आणि शनिवारी गरम जेवण मिळायचं. नॅक्सनने ती भट्टी विजेच्या तारेत गुंडाळली. १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९४० साली पेटंट मिळालं. पण हे भांडं घराघरात गेलं ते १९७१ नंतर. रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा धंदा विकत घेऊन 'क्रॉक-पॉट' या नावाने ते बाजारात आणलं, आणि जाहिरात केली ती नोकरीला जाणाऱ्या बायकांसाठी. सकाळी भरा, संध्याकाळी वाढा.

शनिवारी विस्तवाला हात न लावणारी माणसं आपल्यालाही परकी नाहीत. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ठाण्यात त्यांचं 'शआर हाशामाईम' हे सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे.

नॅक्सनच्या पाव शतक आधी कोलकात्यात इंदुमाधव मल्लिक नावाच्या डॉक्टरांनीही हाच प्रश्न सोडवला होता. १९१० साली त्यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. उंच डबा, तळाशी निखारे, वर पाणी आणि एकावर एक रचलेली भांडी: एकात भात, एकात डाळ, एकात मांस. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मडकी एकावर एक रचून शिजवतात, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. निखारे पेटवून कचेरीत जायचं, परत येईपर्यंत जेवण तयार. घरात बाई नसलेल्या, मेसचं खाऊन कंटाळलेल्या चाकरमान्यांना तो वरदान वाटला असेल.

पाववाल्याच्या भट्टीतली हंडी, इकमिक आणि क्रॉक-पॉट, तिन्हींत एक गोष्ट समान दिसते. आज रील्समध्ये मंद आचेवरचा स्वयंपाक म्हणजे रविवारची निवांत दुपार, मातीचं भांडं आणि मागे सतार. इतिहासात मात्र मंद आच वापरली ती ज्यांना चुलीपाशी उभं राहता येत नव्हतं त्यांनी. कुणाला धर्माने मनाई केली होती, कुणाला कचेरी गाठायची होती, कुणाचे हात दुसऱ्या कामात अडकलेले होते.

हात अडकलेल्यांसाठी पुन्हा विठ्ठलवाडीला यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभारली होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर, सिंधी हिंदू बोटींतून मुंबईला येऊ लागले. त्यांतल्या हजारो कुटुंबांना या पाच कॅम्पांमध्ये आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचं 'उल्हासनगर' असं नामकरण झालं. नाव आनंदाचं, पण घर म्हणजे गोणपाट आणि चादरींचे आडोसे लावून वाटून घेतलेली बराक. एका आडोशामागे एक कुटुंब, तिथेच झोपणं आणि तिथेच शेगडी.

पुरुष लोकल गाड्यांत आणि मुंबईच्या फुटपाथवर काहीबाही विकायला गेले. बायका घरी पापड लाटायला बसल्या. उल्हासनगरच्या पापडाचं नाव पुढे झालं ते या लाटण्यांमुळे. पापडाचं पीठ घट्ट असतं, एकदा मळलं की वाळायच्या आत लाटून संपवावं लागतं. मध्येच उठून रस्सा ढवळणं जमत नाही. सेयल इथेच जन्मलं असं मी म्हणत नाही, ते सिंधमधून आलेलं आहे. पण बराकीतल्या दिवसाला ते फिट बसलं असणार, असं मला वाटतं.

कृती अशी. जाड बुडाचं पातेलं. मटण आणि त्याच्या जवळपास निम्मा, काही घरांत बरोबरीने, चिरलेला कांदा. आलं, लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, धणेपूड, टोमॅटो किंवा दही, तेल. पाणी नाही, किंवा नावापुरतं. वर घट्ट झाकण आणि निखारे मंद. कांद्यात वजनाच्या ८९ टक्के पाणीच असतं. गरम झाला की तो ते सोडतो, मटण त्यात शिजतं, आणि शेवटी कांदा विरघळून नुसता लपथपीत मसाला उरतो. सिंधीत मटणाच्या कालवणाला 'तीवण' म्हणतात, म्हणून हे 'सेयल तीवण'. याच पद्धतीने शिळ्या पोळ्या आणि पावसुद्धा शिजवतात. काही वाया घालवायचं नाही हा हिशेब त्यातही दिसतो.

आपल्या आज्या झाकणाऐवजी ताट ठेवून त्यात पाणी ओततात, त्यामागेही हेच गणित आहे. आतली वाफ थंड ताटाला लागते, तिचे थेंब होतात आणि पुन्हा पातेल्यात पडतात. स्लो कुकरचं काचेचं झाकणही हेच करतं. म्हणून झाकण उघडून बघायचा मोह टाळायचा. एकदा उघडलं की साठलेली ऊब जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात.

मांस मऊ होतं म्हणजे नेमकं काय होतं? बोकडाच्या खांद्यात आणि नळीत, म्हणजे जे अवयव जनावराने आयुष्यभर वापरले त्यांत, कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन जास्त असतं. साधारण ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू वितळून जिलेटिन होतं. रस्सा बोटांना चिकटतो तो त्यामुळे. याला तास लागतात. मांडीचा महागडा, चरबी नसलेला तुकडा आठ तास ठेवला तर तो सुतासारखा कोरडा होतो. हे तंत्र मुळात स्वस्त आणि चिवट मांसासाठी आहे, हे बऱ्याच रेसिपी सांगत नाहीत.

मग हे भांडं शेगडीवरून उतरलं कधी? १९५९ साली मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली. तिचा एक कारखाना ठाण्यातच आहे. प्रेशर कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे कोलॅजन अर्ध्या-पाऊण तासात वितळतं. ज्यांना ६:१२ ची लोकल पकडायची आहे आणि ज्यांच्या रॉकेलचा रेशनवरचा कोटा ठरलेला आहे, त्यांना यापेक्षा चांगली वस्तू कुणी दिली नसती. शिट्टीला नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. तिने बायकांचे किती तास वाचवले हे कुणी मोजलेलं नाही.

पण कुकरमध्ये कांद्याचं पाणी आटत नाही. तो उकडला जातो, मसाल्याशी एकजीव होत नाही. उल्हासनगरात आज मटण कुकरमध्ये अर्धं शिजवून मग कांद्यात उघड्यावर परतणारी घरं आहेत. ती तडजोड चांगली लागते, तिला कमी लेखू नये.

विजेच्या स्लो कुकरमध्ये सेयल करायचं असेल तर कांदा आधी कढईत तांबूस करून घ्या. त्या मंद उष्णतेत तो कधीच लाल होणार नाही, आणि पाणी आटतच नसल्याने कांदाही थोडा कमी घ्या. २०० वॅटचा कुकर आठ तास चालला तर दीड युनिटच्या आसपास वीज लागते. राजमा मात्र त्यात कच्चा टाकू नका, भिजवून आधी दहा मिनिटं खळखळून उकळा. त्यातलं एक विषारी प्रथिन कमी तापमानाला नष्ट होत नाही आणि पोट बिघडतं. आणि कुकर नसेलच तर जाड पातेलं, गॅसची सर्वांत छोटी शेगडी, पाण्याने भरलेलं ताट. मटणाला अडीच-तीन तास. ताटातलं पाणी आटलं की पुन्हा ओतायचं. तेवढ्यासाठी मात्र उठावं लागेल.