अणूचे घरचे आणि दारचे

श्रोतेहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खामगावची चांदी नावाजलेली, आणि शिवारात रोजची सोबत लोखंडी फाळाची. रसायनशास्त्रात हे दोन्ही धातू एकाच मोठ्या कुळातले. त्याला संक्रमक मूलद्रव्ये म्हणतात. पण वागणूक किती निराळी! चांदी बहुतेक संयुगांत एकच इलेक्ट्रॉन देते. लोखंड मात्र हिराकशीत दोन देते, तांबूस गंजात तीन. हिराकस उघडी राहिली म्हणजे हिरवी असते ती पिवळट-तपकिरी होते, ती या तिसऱ्या इलेक्ट्रॉनपायी.

हे कोडे जुने आहे. सन 1871 च्या आपल्या कोष्टकात मेंडेलीव्ह यांनी तांबे, चांदी व सोने यांना पहिल्या गटातही बसवले आणि आठव्यातही. इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो पुढे, 1897 साली.

मग 1916 साली अमेरिकेतील गिल्बर्ट लुईस यांनी अणूचे दोन भाग कल्पिले. आतला गाभा, जो रासायनिक व्यवहारात बदलत नाही. आणि बाहेरचे संयुजा-इलेक्ट्रॉन, जे देवघेव करतात. घरचे आणि दारचे म्हणा ना! पण लोखंडासारख्या धातूंत हा गाभा तितका पक्का नसावा, हेही त्यांनी ओळखले. पुढे 1921-22 च्या सुमारास डेन्मार्कचे नील्स बोर यांनी उलगडा केला, की या कुळात बाहेरच्या कवचात एकदोन इलेक्ट्रॉन असतानाच त्याच्या आतले कवच भरत जाते.

लोखंडाचाच हिशेब घ्या. एकूण इलेक्ट्रॉन 26. त्यांपैकी 18 गाभ्यातले, 6 मधले आणि 2 अगदी बाहेरचे. आधी बाहेरचे दोन जातात. मग प्रसंगी मधल्या सहांतला एक. जस्तात मात्र मधले दहा पुरते भरलेले असतात. ते जागचे हलत नाहीत, म्हणून जस्त दोनच देते. तिथे त्या दहांना गाभ्यातच धरलेले बरे.

गुरुजनहो, ‘सर्वांत बाहेरच्या कवचातले तेवढेच संयुजा-इलेक्ट्रॉन’ हा नियम मुलांना पाठ असतो. लोणारच्या खारातल्या सोडियमला तो नीट लागू पडतो. लोखंडाला लावला की गंजाचा हिशेब चुकतो, आणि पोराला वाटते, आपल्यालाच येत नाही! तेव्हा लोखंडाचा पाठ आला म्हणजे हिराकशीचा खडा आणि गंजलेला खिळा टेबलावर ठेवा. मुलांना सांगा, की घरचे कोण नि दारचे कोण हा बांध या कुळात कायमचा घातलेला नाही. व्यवहारात कोण उतरले, हे पाहूनच तो ठरवायचा.