बुचांचं मखर

गेल्या महिन्यात माळा साफ करताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत एकेचाळीस बुचं. काहींवर अजून कुंकवाचा रंग आहे. सून म्हणाली, "बाबा, हे टाकू का?" म्हणून ही हकिगत लिहून ठेवतोय.

आमचं घर मडगावचं, आजीचं माहेर बेळगावचं. चवथीचं मखर माहेरच्या सामानावरच उभं राहायचं. आजीचा भाऊ दरवर्षी बेगड, सोनेरी कागद आणि भेंडाची फुलं घेऊन यायचा. १९५५ साली १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. मग भारत सरकारने सीमा बंद केली, आगगाडी थांबली. चवथ तोंडावर आली, आणि भाऊही नाही, भेंडही नाही.

गंमत म्हणजे नाकेबंदीच्या त्या वर्षांत गोव्याचा बाजार काही ओस पडला नव्हता. बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून, आणि वाइन तर थेट पोर्तुगालहून. शेजारच्या ख्रिस्ती घरात लग्न झालं होतं, तिथली बुचं आजी ओच्यात भरून घेऊन आली. आजोबा भडकले.

"सोऱ्याचें बूच देवाक?"

"रूखाची साल ती," आजी म्हणाली.

खरंच आहे ते. पोर्तुगालात कॉर्क ओकची झाडं आहेत. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी त्याची साल सोलून काढतात. लावल्यापासून पहिली साल मिळायला पंचवीसेक वर्षं जातात. आपला 'बूच' शब्दसुद्धा पोर्तुगीज 'बूशा'वरून आलेला. आजीला ही साल-बिल कुणी सांगितली देव जाणे, बहुतेक त्या शेजारच्या बायनेच.

भेंड कोरायचा हात तिला माहेरचाच होता. बुचं तिने तीन पाण्यात उकळली, म्हणजे वास जातो आणि सुरीखाली भुगा होत नाही. मग पातळ चकत्या कापून, खळीने चिकटवून पाकळ्या केल्या. रंगाला हळद, कुंकू, नीळ. अख्खी बुचं दोऱ्यात ओवून खांबांना लावली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. पूजा होईपर्यंत आजोबा मखराकडे बघत नव्हते, असं ते सांगायचे. दुसऱ्या वर्षी मात्र शेजारी बुचं मागायला आजोबाच गेले. भाऊ त्याही वर्षी आला नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या चवथीला भाऊ पेटी भरून भेंडाची फुलं घेऊन उतरला. आजी दारातच रडली म्हणे. मखर भेंडाचं झालं, पण खांबांवरच्या बुचांच्या ओळी तिने काढू दिल्या नाहीत. थर्माकोल आलं तेव्हा त्या माळ्यावर गेल्या. शेजारचं घर आता बंद असतं, मुलं लिस्बनला असतात.

सुनेला सांगितलं, टाकू नको. एका खांबाला एकवीस, अशा दोन ओळी होत्या असं बाबा म्हणायचे. एक बूच कुठे गेलं, ते शोधतोय.