उद्याच्या निवडीवर आजचा सौदा : डब्ल्यूएनबीएमधील ड्राफ्ट हक्कांची देवाणघेवाण

अमेरिकेतील महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीग असलेल्या डब्ल्यूएनबीएच्या २०२६ च्या ड्राफ्टसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये सोडत काढण्यात आली. पहिल्या पाच क्रमांकांपैकी दुसरा क्रमांक मिनेसोटा लिंक्स संघाला मिळाला. ही सोडत प्लेऑफ गाठू न शकलेल्या संघांच्या क्रमांकांसाठी असते. मिनेसोटा मात्र २०२५ च्या नियमित हंगामात ४४ पैकी ३४ सामने जिंकून लीगमध्ये अव्वल ठरला होता. हा क्रमांक मुळात शिकागो स्काय संघाच्या वाट्याचा होता. शिकागोने त्याच हंगामात ४४ पैकी केवळ १० सामने जिंकले होते. एप्रिल २०२५ मध्ये या संघाने पुढील वर्षीची आपली पहिल्या फेरीतील निवड मिनेसोटाच्या स्वाधीन केली होती आणि बदल्यात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील अकरावा क्रमांक घेतला होता.

दुर्बल संघाला उभारी मिळावी यासाठी निर्माण झालेली सवलत लीगमधील सर्वात यशस्वी संघाकडे कशी गेली, याचे उत्तर ड्राफ्टमधील निवडहक्कांच्या खरेदी-विक्रीत आहे. हा व्यवहार पूर्णपणे नियमांत बसणारा असून डब्ल्यूएनबीएमधील संघबांधणीचा तो एक मुख्य आधार आहे.

ड्राफ्ट आणि लिलाव

भारतीय क्रीडारसिकांना खेळाडूंच्या वाटपाची लिलाव ही पद्धत परिचित आहे. महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत झाला. सांगलीत क्रिकेटचे धडे गिरवलेल्या स्मृती मानधनाला बंगळुरू संघाने ३ कोटी ४० लाख रुपयांना घेतले आणि ती त्या लिलावातील सर्वात महागडी खेळाडू ठरली. लिलावात खेळाडूसाठी अधिक बोली लावणारा संघ जिंकतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. नव्या खेळाडूंच्या यादीतून संघ ठरलेल्या क्रमाने एकेकीची निवड करतात. निवड झालेल्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क केवळ त्या संघाला मिळतो. पहिल्या वर्षाचे वेतनही निवडीच्या क्रमांकानुसार आधीच ठरलेले असते.

डब्ल्यूएनबीएचा पहिला हंगाम १९९७ मध्ये खेळला गेला. ड्राफ्ट दरवर्षी साधारणतः एप्रिलमध्ये, महाविद्यालयीन हंगाम संपताच होतो. त्यात तीन फेऱ्या असतात. अमेरिकी खेळाडू त्या वर्षात २२ वर्षांची होणारी किंवा महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केलेली असावी लागते. परदेशी खेळाडूसाठी त्या वर्षात २० वर्षे पूर्ण होणे पुरेसे असते.

पाळी ठरवताना प्लेऑफबाहेर राहिलेल्या संघांना प्राधान्य मिळते. त्यांच्या गेल्या दोन हंगामांतील एकत्रित कामगिरीनुसार सोडतीतील संधी ठरते. एका हंगामात मुद्दाम हरून वरचा क्रमांक मिळवण्याचा मोह कमी व्हावा, हा दोन हंगाम मोजण्यामागचा हेतू आहे. लीगमध्ये बारा संघ असताना सोडतीत चार संघ असत. पहिल्या क्रमांकाची त्यांची शक्यता अनुक्रमे ४४.२, २७.६, १७.८ आणि १०.४ टक्के होती. २०२५ मध्ये गोल्डन स्टेट व्हाल्कीरीज हा तेरावा संघ आल्यावर सोडतीतील संघ पाच झाले.

हक्काला किंमत का

निवडहक्काला मोल येते ते वेतनमर्यादेमुळे. २०२० च्या सामूहिक करारानुसार प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कठोर मर्यादा होती. २०२४ च्या हंगामात ही मर्यादा प्रतिसंघ १४ लाख ६३ हजार २०० डॉलर होती. एका खेळाडूचे सर्वोच्च मूळ वेतन २ लाख ४१ हजार ९८४ डॉलरपर्यंत जाऊ शकत होते. त्याच वर्षी इंडियाना फीवर संघाने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या केटलिन क्लार्कचे पहिल्या वर्षाचे वेतन ७६ हजार ५३५ डॉलर होते. म्हणजे पहिल्याच हंगामात लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणली गेलेली क्लार्क संघाला सर्वोच्च वेतनाच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात मिळाली. नवोदितेचा करार तीन वर्षांचा असे आणि चौथ्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती राही. योग्य निवड झाली तर संघाला चार हंगाम स्वस्तात गुणवत्ता मिळते आणि उरलेला पैसा अनुभवी खेळाडूंवर खर्च करता येतो.

याची दुसरी बाजूही आहे. संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू ठेवता येत असल्याने बारा संघांच्या काळात संपूर्ण लीगमध्ये १४४ पेक्षा अधिक जागा नव्हत्या. निवड झालेल्या अनेक तरुणींना हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघाबाहेर जावे लागते. त्यामुळे पहिल्या फेरीतील, विशेषतः पहिल्या चार-पाच क्रमांकांच्या हक्काला मोठी मागणी असते. तिसऱ्या फेरीतील हक्क बहुधा व्यवहाराला वरून दिलेल्या पुरवणीसारखा असतो.

व्यवहाराचे प्रकार

सर्वात सरळ प्रकार म्हणजे हक्क देऊन खेळाडू घेणे. जून २०२५ च्या अखेरीस लास वेगास एसेसने २०२७ ची पहिल्या फेरीतील निवड डॅलस विंग्सला दिली आणि नलिसा स्मिथला आपल्याकडे घेतले. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या स्मिथचा हा तिसरा संघ. त्यावेळी चाचपडत असलेल्या लास वेगासने नियमित हंगामाच्या अखेरीस सलग १६ सामने जिंकले आणि पुढे अंतिम फेरीत फिनिक्सला ४-० असे नमवून विजेतेपद मिळवले.

दुसऱ्या प्रकारात हक्काच्या बदल्यात हक्क दिला जातो. वरच्या पाळीसाठी संघ दोन-तीन खालचे हक्क एकत्र देतो. तिसरा प्रकार अदलाबदलीच्या हक्काचा आहे. त्यात दोन्ही संघांकडे निवड राहते, पण ठरलेल्या वर्षी आपली पाळी देऊन समोरच्याची अधिक चांगली पाळी घेण्याचा अधिकार एका संघाला मिळतो.

या दोन्ही प्रकारांचा मेळ एप्रिल २०२२ मध्ये दिसला. वॉशिंग्टन मिस्टिक्सने पहिला क्रमांक अटलांटा ड्रीमला दिला आणि तिसरा व चौदावा क्रमांक घेतला. त्याशिवाय, अटलांटाकडे असलेल्या लॉस एंजेलिसच्या २०२३ च्या निवडीशी अदलाबदल करण्याचा अधिकारही मिळवला. अटलांटाने रायन हॉवर्डची निवड केली आणि ती त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. वॉशिंग्टनला तिसऱ्या क्रमांकावर शकीरा ऑस्टिन मिळाली. पुढच्या वर्षी अदलाबदलीचा अधिकार वापरून हा संघ आठव्या क्रमांकावरून चौथ्यावर गेला. या व्यवहारात दोन्ही संघांना हवे ते मिळाले.

चौथा प्रकार बहुपक्षीय व्यवहारांचा. अशा व्यवहारात अनेकदा करार संपत आलेली नामवंत खेळाडू केंद्रस्थानी असते. लीगच्या नियमांनुसार संघ आपल्या एखाद्या खेळाडूला ‘कोअर’ दर्जा देऊन तिच्याशी बोलणी करण्याचा एकमेव अधिकार राखू शकतो. हाच अधिकार पुढे व्यवहारात वापरता येतो. २०२५ च्या सुरुवातीला लास वेगासने केल्सी प्लमबाबत हेच केले. प्लम लॉस एंजेलिस स्पार्क्सकडे गेली, सिएटल स्टॉर्मची ज्युएल लॉइड लास वेगासकडे आली आणि सिएटलला लॉस एंजेलिसचा दुसरा क्रमांक, ली युएरू ही चिनी खेळाडू व लास वेगासची २०२६ ची पहिल्या फेरीतील निवड मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर सिएटलने डॉमिनिक मलोंगा या १९ वर्षीय फ्रेंच खेळाडूची निवड केली.

एका हक्काचा प्रवास

निवडहक्काचे मूल्य तो कोणाच्या हाती आणि कोणत्या टप्प्यावर आहे यावर किती अवलंबून असते, हे २०२१ च्या पहिल्या क्रमांकाच्या प्रवासातून स्पष्ट होते. २०२० मध्ये २२ पैकी केवळ दोन सामने जिंकलेल्या न्यूयॉर्क लिबर्टीकडे हा क्रमांक होता. न्यूयॉर्कने तो सिएटलला दिला आणि २०१९ ची सर्वोत्तम बचावपटू नताशा हॉवर्डला आपल्याकडे आणले. सिएटलने तो क्रमांक स्वतःकडे न ठेवता डॅलसला दिला आणि केटी लू सॅम्युएल्सन हिला घेतले. डॅलसने त्यावर टेक्सास विद्यापीठाच्या चार्ली कॉलिअरची निवड केली. मे २०२३ मध्ये, तिसरा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, डॅलसने कॉलिअरला संघातून वगळले. २०२१ ची सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली ती सहाव्या क्रमांकावरील मायकेला ओनयेनवेरे. तिची निवड न्यूयॉर्कनेच केली होती.

जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कने त्रिपक्षीय व्यवहारात हॉवर्डला डॅलसकडे पाठवले आणि कनेक्टिकट सनची जॉन्क्वेल जोन्स आपल्याकडे आली. २०२४ मध्ये न्यूयॉर्कने इतिहासातील पहिले विजेतेपद पटकावले. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान जोन्सला मिळाला. पहिल्या क्रमांकाचा हक्क सोडून दिलेल्या संघाला त्या हक्काचा सर्वाधिक लाभ झाला. तो वापरणाऱ्या डॅलसच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही.

शिकागोचा धडा

शिकागोची कहाणी याच्या उलट दिशेने जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये या संघाने आपली आघाडीची खेळाडू काहलिया कॉपर हिला फिनिक्स मर्क्युरीकडे पाठवले आणि त्या बदल्यात मिळालेल्या तिसऱ्या क्रमांकावर कमिला कार्डोसोची निवड केली. त्याच ड्राफ्टमध्ये मिनेसोटाशी व्यवहार करून शिकागो आठव्यावरून सातव्या क्रमांकावर सरकला आणि एंजेल रीसला संघात आणले. भविष्याची पायाभरणी म्हणून या निवडींचे स्वागत झाले.

एका वर्षातच धोरण बदलले. संघ लवकर स्पर्धात्मक होईल, या अपेक्षेने शिकागोने २०२६ ची निवड देऊन २०२५ चा अकरावा क्रमांक घेतला आणि हेली व्हॅन लिथची निवड केली. संघ प्लेऑफमध्ये पोहोचला असता, तर मिनेसोटाला पहिल्या फेरीच्या उत्तरार्धातील साधारण क्रमांक मिळाला असता. प्रत्यक्षात शिकागो तळाला गेला आणि त्या पराभवांचे फळ मिनेसोटाने घेतले.

त्याच सोडतीत सिएटलला मिळालेला तिसरा क्रमांकही दुसऱ्या संघाचा, म्हणजे लॉस एंजेलिसचा होता. जानेवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसने किया नर्स आणि त्या वर्षीचा चौथा क्रमांक यांच्या बदल्यात २०२६ ची निवड सिएटलला दिली होती. चौथ्या क्रमांकावर रिकिया जॅक्सनसारखी उपयुक्त खेळाडू मिळाल्याने तो व्यवहार लॉस एंजेलिससाठी शिकागोइतका तोट्याचा ठरला नाही. शिकागोलाही पाचवा क्रमांक मिळाला, पण तो मूळचा कनेक्टिकटचा होता. पाचपैकी केवळ दोन क्रमांक, डॅलसचा पहिला आणि वॉशिंग्टनचा चौथा, ज्यांच्या कामगिरीतून निर्माण झाले त्यांच्याच हाती होते.

खरा प्रश्न

भविष्यातील निवड देणारा संघ एका अर्थी स्वतःच्या यशावर पैज लावतो. संघ जिंकला तर दिलेला हक्क खालच्या क्रमांकाचा ठरतो आणि सौदा स्वस्तात पडतो. संघ हरला तर पराभवासोबत त्यातून सावरण्याचे साधनही हातचे जाते. हक्क घेणाऱ्या संघाचे हित समोरच्याच्या अपयशात गुंतते.

या हिशेबात खेळाडूचा शब्द फारसा चालत नाही. महाविद्यालयातून येणारी तरुणी कोणत्या शहरात खेळणार, हे कधीकधी ती ड्राफ्टला पात्र होण्यापूर्वी दोन संघांच्या व्यवस्थापनांनी ठरवलेले असते. तिच्या बदल्यात संघ सोडणाऱ्या अनुभवी खेळाडूची स्थितीही अनेकदा तशीच असते. वारंवार पराभव पाहूनही मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्या वर्षीच्या चांगल्या निवडीची आशा असते. ती निवड आधीच दिली गेली असेल, तर त्या आशेलाही जागा उरत नाही.

तरीही हे व्यवहार थांबण्याची चिन्हे नाहीत. विजेतेपदाच्या जवळ असलेल्या संघाला आज खेळणारी खेळाडू हवी असते आणि नव्याने उभारणी करणाऱ्या संघाला वेळ हवा असतो. दोघांच्या गरजा जुळतात तेथे सौदा होतो. तो फायद्याचा होता की नाही, हे बहुधा दोन-तीन हंगामांनंतरच कळते. स्मिथच्या बदल्यात डॅलसला मिळालेल्या २०२७ च्या हक्काचे मोल लास वेगासची २०२६ च्या हंगामातील कामगिरी ठरवणार आहे.